पाहुणे दिल्लीत सोमवारीच का उतरतात?

राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद. गांधी स्मृती सोमवारी बंद. फोनवर कानीकपाळी ओरडून सांगितलं तरी काका आपले, "तिकिटं काढली रे, बघू काहीतरी." सरोजिनी नगरचा बाजारही सोमवारी बंद असतो, हे मात्र काकूंना पुण्यातून निघतानाच पाठ असतं!

बरं, मंगळवारी संग्रहालयात नेलं. मोहेंजोदडोची नर्तकी समोर, आणि काका म्हणतात, "एवढीशीच?" हो, साडेदहा सेंटिमीटरच आहे! चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी कांस्यात ओतलीय, जरा वाका की. नाही. तिच्या वाट्याला दहा सेकंद, कँटीन शोधायला अर्धा तास.

गांधी स्मृतीत तर माझं डोकंच फिरतं. बापूंचे शेवटचे 144 दिवस या घरात गेले. प्रार्थनेच्या जागेकडे निघालेली त्यांची शेवटची पावलं तिथे वाटेवर उठवलेली आहेत. आमचा भाचा त्यांच्याशेजारी स्वतःचा बूट टेकवून साइझ बघतो. आईबाप? फोटो काढतायत.

आणि इंडिया गेट. "ती ज्योत कुठाय?" दरवेळी तोच प्रश्न. 2022च्या जानेवारीत ती शेजारच्या राष्ट्रीय समर स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली, चला, दाखवतो. तिथल्या त्यागचक्रात, म्हणजे गोलाकार भिंतींत, ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेका जवानाचं नाव आहे, निदान चार तरी वाचा. तेवढ्यात काकूंचा व्हिडिओ कॉल लागतो. "हॅलो, दिसतंय का? अगं हे कसलंतरी गोल गोल आहे. तू सांग, दूधवाला आला होता का?"