कार्पेट किती देणार?

बंद गिरण्यांचे फोटो काढून ठेवायचं व्रत घेतलं, तेव्हा घरच्यांनी सापाविंचवाची भीती घातली होती. साप अजून एकही भेटला नाही. माणसं मात्र दर रविवारी भेटतात.

परवा लालबागला एका गिरणीसमोर ट्रायपॉड उभा केला. समोरच्या चाळीच्या गॅलरीतून एका काकूंनी विचारलं, "मोजणी आली का हो?"

"नाही काकू, नुसते फोटो काढतोय."

"तेच ते! आधी फोटो, मग मोजणी, मग ट्रान्झिट कॅम्प. नव्या घराचा कार्पेट एरिया किती देणार ते बोला."

मी दावरशेठनी १८५४ साली मांडलेल्या मुंबईतल्या पहिल्या गिरणीपासून सुरुवात केली. काकू आत वळून म्हणाल्या, "अहो, बिल्डरचा माणूस आलाय. बोलायला गोड आहे."

गेटवर वॉचमन. "एनओसी?"

"कुणाची?"

"कुणाचीही."

आतली यंत्रं केव्हाच भंगारात गेलेली. राखण करायला एक पिंपळ तेवढा उरलेला, तोही भिंतीतून बाहेर पडायच्या बेतात. शेवटी कटिंग चहावर तडजोड झाली : गजांमधून लेन्स आत, मी बाहेर.

तेवढ्यात शेजारी एक आजोबा येऊन उभे राहिले. "मी इथं साचेखात्यात, म्हणजे मागांवर होतो. १८ जानेवारी १९८२ ला बाहेर आलो, तो अजून बाहेरच आहे."

त्या दिवशी सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते. त्यातल्या निम्म्यांची तरी नावं आजोबांना पाठ असावीत, कारण ती त्यांनी मला ऐकवली. मधेच छपराकडे बोट केलं. "ती काचेची बाजू उत्तरेला का, सांग बघू?"

मी गप्प. दोन वर्षं त्या छपराचे फोटो काढतोय, आणि खाली 'करवतीचे दात' एवढंच लिहीत आलोय.

"उजेड हवा, ऊन नको. तुटलेला धागा दिसला पाहिजे ना!"

मग ते चिमणीसमोर ताठ उभे राहिले. "काढ." मी कॅमेरा डावीकडे नेला, तेही डावीकडे सरकले. उजवीकडे नेला, तिथंही आजोबा. चिमणी त्यांच्या टोपीतून उगवल्यासारखी दिसत होती. मी मुकाट्यानं बटण दाबलं.

वरून काकू ओरडल्या, "आजोबा, नुसते उभे काय राहताय? कार्पेटचं विचारा आधी!"