नंबर प्लेट नाही म्हणजे सगळं माफ नाही

सोलापुरात बिननंबरच्या इलेक्ट्रिक गाड्या आठवी-नववीतल्या पोरांच्या हातात सर्रास दिसतात. विकणारे ठरलेलं वाक्य ऐकवतात, "लायसन नको, पासिंग नको, कुठंबी फिरवा." पहिल्या दोन गोष्टी अटींवर खऱ्या आहेत, तिसरी साफ खोटी.

सूट कुणाला? मोटरची 30 मिनिटांची पॉवर (म्हणजे सलग अर्धा तास देता येणारी ताकद) 250 वॅटच्या आत, वेग ताशी 25 किमीच्या आत, बॅटरी सोडून वजन जास्तीत जास्त 60 किलो, आणि एआरएआयसारख्या तपासणी संस्थेची मंजुरी. यातली एक अट जरी हुकली तरी ती मोटार वाहनच. म्हणून घेतानाच मंजुरीच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स मागा आणि त्यावरचं मॉडेल बिलाशी जुळवा. दुकानदार "नंतर देतो" म्हणाला तर गाडी तिथंच सोडा.

खरी गंमत कंट्रोलरमध्ये, म्हणजे मोटरला किती वीज जायची ते ठरवणाऱ्या डबीत आहे. बऱ्याच गाड्यांत त्यातून दोन बारीक वायरींची जोडी निघते, तीच स्पीड लिमिट. त्या वायरींचं सॉकेट काढलं की गाडी 25 च्या पुढे पळते. ब्रेक मात्र 25 च्या हिशोबाचेच राहतात, चढावर मोटर तापते, आणि कायद्याने ती बिनपासिंगची, बिनविम्याची दुचाकी ठरते. अशी गाडी अल्पवयीन मुलाकडे सापडली तर पालकाला किंवा मालकाला 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धडक बसली तर समोरच्याची भरपाईही खिशातूनच. पाचशे रुपयांत "वायर काढून देतो" म्हणणारा तेव्हा शोधून सापडायचा नाही.

आता रस्ता. जुळे सोलापूरच्या आतले रस्ते, नवी पेठ, भाजी, शाळा, क्लास यासाठी लो-स्पीड गाडी उत्तम. फूटपाथवर मात्र अजिबात नको, आवाजच येत नाही, म्हातारं माणूस दचकून पडतं. आणि केगावला विद्यापीठात जायला पुणे हायवेवर ती घालणं हा शुद्ध वेडेपणा. ट्रक 80 ने, तुम्ही 25 ने, म्हणजे तो सेकंदाला 15 मीटर जवळ येतो. दीडशे मीटर मागं दिसलेला ट्रक दहा सेकंदांत पाठीशी! सर्व्हिस रोड आहे तिथं तोच धरा.

हेल्मेट कायद्याने सुटलं तरी डोक्यावर ठेवा.

रोज हायवे लागत असेल तर हिरव्या पाटीची, पासिंगची गाडी घ्या, लायसनही काढा. तरी ती समृद्धीवर किंवा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर चालत नाही. तिथं दुचाकीच बंद आहे, पेट्रोलची असो की बॅटरीची.