मोदक फॉन्टमध्ये नोटिसा लावणं बंद करा!!

सोसायटीच्या ग्रुपवर परत नोटीस आली, पाणी कधी बंद, टाकी कधी धुणार, दहा-बारा ओळी, आणि अख्खीच्या अख्खी मोदक फॉन्टमध्ये! अरे का?? 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी आधी हाताने स्केच करून, मोदकाचा गुबगुबीतपणा अक्षरात आणून हा फॉन्ट बनवलाय, आणि अक्षराच्या आतली पांढरी जागा मुद्दाम अगदी बारीक फटीएवढी ठेवलीय, तीच तर त्याची मजा आहे, म्हणजे तो मोठाच वापरायचा ना! १२ पॉइंटला टाकला की ती फट बुजते, घ काय आणि ध काय सगळे काळे गोळे, 'ष्ठ'सारखी जोडाक्षरं तर गेलीच. वर कोणीतरी बोल्डचं बटण दाबतं. त्याला एकच जाडी आहे हो, वेगळा बोल्ड नाहीच, सॉफ्टवेअर आपल्या मनाने कडा फुगवतं आणि उरलीसुरली फटही जाते.

परवा तर चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स याच फॉन्टमध्ये. गेलेल्या माणसाच्या फोटोखाली असली खेळकर अक्षरं, खरंच फार वाईट वाटलं.

गोलसरच हवा असेल तर बालू २ घ्या, पाच जाड्या आहेत त्यात, आणि लांबलचक मजकूर असेल तर मुक्ता घ्या, दोन्ही 'एक टाइप'वाल्यांचेच, दोन्ही गुगल फॉन्ट्सवर फुकट. मोदक ठेवा पोरांच्या वाढदिवसाला, गणपतीच्या पोस्टरला, खाऊच्या दुकानाच्या पाटीला, दोन-तीन शब्द, चांगले हातभर मोठे. आणि प्लीज, जागा उरली म्हणून तो आडवा ताणू नका!!