सॅम्पल आणलंय का?

हरवलेल्या वस्तूचं सॅम्पल कुठून आणायचं असतं, हे स्पेअर पार्टच्या दुकानदारांनी एकदा मला समोर बसवून समजावून सांगावं.

परवा सकाळी द्राक्षबागेत माती मोकळी करायला रोटर काढला, तर तो ट्रॅक्टरला वरून जोडणाऱ्या टॉप लिंकच्या पिनेला टोकाशी अडकवायची ती कडीवाली लॉक पिन गायब. लांबी करंगळीएवढी, किंमत २० रुपये. आदल्या संध्याकाळीच रोटर शेजारच्या तात्यांकडून परत आला होता. जाताना पूर्ण होता; येताना दोन पाट्या चिखल जादा आणि एक पिन कमी. तार लावून चालतं म्हणतात. मीही मागं एकदा लावली होती. चालली. दोन ओळींच्या मधोमध मोठी पिन निसटून रोटर लोळेपर्यंत छान चालली. म्हणून मोटारसायकल काढली आणि पिंपळगाव गाठलं.

"शेठ, मिनी ट्रॅक्टरची लॉक पिन द्या."

"सॅम्पल आणलंय का?"

"हरवलीय."

"मग माप?"

"माप घेऊन नाही हरवली."

शेठनी चष्म्यावरून बघितलं. "अंदाजानं दिली की परत आणता तुम्ही लोक." मग एक पिन काउंटरवर आपटली. "ही घ्या. मोठ्या ट्रॅक्टरची आहे, पण बसेल."

"नाही बसणार. आमचं भोक लहान आहे."

"मोठं करून घ्या. पुढं वेल्डिंगवाला आहेच."

म्हणजे २० रुपयांच्या पिनेच्या मापानं ट्रॅक्टर बदलायचा. मी काही बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "मिनी आहे का?"

ऑइलच्या रिकाम्या डब्यावर एक नाना बसले होते. हातात चहाचा ग्लास, डोक्यावर टोपी, खरेदी काहीही नाही. एस.टी. दीडला होती आणि घड्याळात साडेदहा वाजले होते. 'मिनी' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसं मुलीच्या बापानं विचारावं, 'नोकरी पर्मनंट का हंगामी?'

"मिनीच," मी म्हणालो.

"कधी घेतला?"

"पाडव्याला. २०२५च्या."

नानांनी ग्लास खाली ठेवला. माणूस गेल्याच्या घरी बसतात तसे जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मुहूर्त कुणी काढून दिला?"

"पाडव्याला मुहूर्त काढावा लागत नाही, नाना. साडेतीनांतला एक."

"तेच ना. काढला असता तर बरं झालं असतं. २२ सप्टेंबरला जीएसटी बाराचा पाच झाला की."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या बातमीचा पेपर मी घडी घालून गादीखाली ठेवला होता, घरच्यांच्या हाती लागू नये म्हणून. पण आपलं दुःख आपण गादीखाली ठेवणं वेगळं आणि परक्या माणसानं ते काउंटरवर मांडणं वेगळं.

"कर सोडून किती पडला?"

सांगायचं नव्हतं. सांगितलं. "चार लाख."

नानांनी नटबोल्टच्या खोक्याचं झाकण फाडलं, शेठच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि मांडीवर हिशेब मांडला. "बारातनं पाच गेले, सात. सात चोक अठ्ठावीस. अठ्ठावीस हजार." पेन्सिल ओठावर टेकवून त्यांनी थोडा विचार केला. "आणि तुमची ही पिन कितीला?"

"वीसला."

"शेठ, अठ्ठावीस हजार भागिले वीस करा बरं."

माझी पिन न सापडणाऱ्या शेठना कॅल्क्युलेटर मात्र लगेच सापडला. "चौदाशे."

"चौदाशे पिना!" नाना ओरडले. फॅन बेल्ट घ्यायला आलेला एक शेतकरी मागं वळला आणि माझ्याकडं बघू लागला. त्याला वाटलं असावं, एवढ्या पिना घेऊन हा माणूस आणखी एक मागायला आलाय.

"मीटरवर तास किती?" नाना आता थांबणार नव्हते.

"एकशे साठ."

"मग भाड्यानं का नाही लावला ट्रॅक्टर?"

"भाड्याचा मोठा मिळतो, नाना. आमच्या ओळी ९ फुटांवर, वर तारा. मोठा आत शिरला तर अर्धी बाग टोपीसारखी डोक्यावर घेऊन बाहेर येईल."

"मग बाग काढा."

सगळे हसले. मीही हसलो. पण ते 'बाग काढा' गाडीवर येताना कानात वाजत राहिलं. छाटणी झाली की पावसाची झड आली, झड आली की डावणी रोगाची भीती, आणि दोन सरींच्या मधल्या तासाभरात फवारणी उरकायची. त्या तासाला मजूर कुठून आणायचा? म्हणून घेतला ट्रॅक्टर, हौसेनं नाही. टॅक्स कमी झाला तेव्हा बँकेनं काही फोन करून विचारलं नाही की तुमचा सहामाही हप्ताही थोडा खाली घेऊ का. हप्ता आहे तेवढाच. आणि द्राक्षाला भाव काय मिळेल ते व्यापारी बागेत आल्यावर कळणार. तोही मण्यांचं सॅम्पल बघून.

तर त्या तासाभराची गोष्ट. फवारणीचा ब्लोअर सोडून रोटर जोडणं हे जाहिरातीत एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस हसत करतो. मी करतो तेव्हा ट्रॅक्टरच्या मागचा डावा जोड-हात बसतो, उजवा दोन बोटं लांब राहतो. वर चढून ट्रॅक्टर चार बोटं मागं घ्यायचा, उतरायचं, आता उजवा बसतो आणि डावा निसटतो. मग पहार. मग पहारीला शिव्या. शेवटी पीटीओचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा दांडा. त्याला सहा दाते, त्यामुळं तो सहा जागी जुळायला हवा. माझ्या हातात तो कायम सातव्या जागी असतो. इंजिनवर मिनिटाला ५४० फेरे फिरणारी ही वस्तू हातानं पाव फेरा फिरवायची म्हटली तर हलत नाही. त्यात शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसचं ग्रीस भरायचं निप्पल शाफ्टच्या कव्हरखाली असं लपवलेलं, की ग्रीस आधी शर्टाला लागतं, मग क्रॉसला. दसऱ्याला आईनं बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, तेव्हा मी मनात म्हटलं, निप्पललाही थोडं वाहा, तिथं जास्त गरज आहे.

असो. दुकानातल्या पोरानं शेवटी एका ड्रॉवरमधून पाकीट काढलं. नेमकी माझी पिन. शेठ म्हणाले, "सुटी नाही मिळत. दहाचं पाकीट."

दोनशे रुपये मोजले. नाना डब्यावरून म्हणाले, "राहिल्या तेराशे नव्वद."

मी पायरी उतरलो तर मागं मागं आले. आवाज एकदम मऊ. "भाऊ, रविवारी मोकळा आहे का?"

"मी?"

"ट्रॅक्टर. घरामागं १५ गुंठे तुकडा आहे माझा. मोठा वळत नाही तिथं. मिनीच लागतो."

"भाडं कसं देणार?" मी विचारलं, जरा चढ्या आवाजातच.

खोक्याचं झाकण अजून त्यांच्या हातात होतं, पेन्सिलही होती. ही एकच बेरीज त्यांनी मांडली नाही. म्हणाले, "घरचंच समजा हो."

संध्याकाळी तात्यांच्या वस्तीवरून येताना सहज नजर गेली. शेळ्यांच्या दाराची कडी एका चकचकीत पिनेनं अडकवलेली. रिंगसकट. वरचा चिखलही आमच्याच रानातला.

"तात्या, ही पिन…"

"ही होय? बांधावर सापडली. पडली असेल कुणाची तरी."

"माझी आहे."

"असेल की," तात्या शेळीला पाला टाकत म्हणाले. "पण काढली तर दार उघडं राहतं बघा. आणि तुम्ही तर आज पाकीटच आणलंय म्हणे."