बॉयलरला घाम फुटतो तेव्हा

पहाटेचे चार वाजलेत, बाहेर उणे आठ आहे आणि मी कानटोपी घालून, पायजम्यावर जॅकेट चढवून घराच्या मागच्या भिंतीपाशी एका प्लास्टिकच्या पाइपावर जगाने कोमट पाणी ओततोय. का, तर घर गरम करणाऱ्या मशीनला थंडी वाजलीय.

हे सगळं सुरू झालं ते 107 टक्क्यांपासून. जुना बॉयलर काढायचा ठरला तेव्हा माहितीपत्रकात कार्यक्षमता 107 टक्के लिहिलेली, मी म्हटलं छापायची चूक असेल, शंभरातले एकशे सात मार्क आमच्या शाळेत तरी कुणाला मिळाले नव्हते. पण चूक नव्हती. गॅस जळला की त्यातून पाणी तयार होतं, एक घनमीटर गॅसमागे साधारण दीड लिटर, ते वाफ होऊन धुराड्यातून निघून जातं आणि जाताना भरपूर उष्णता घेऊन जातं. जुने लोक हिशोब करताना ही वाफेतली उष्णता धरतच नसत, गेली ती गेली. कंडेन्सिंग बॉयलर तीच वाफ पकडून तिचं परत पाणी करतो आणि तिच्यातली उष्णता काढून घेतो, म्हणून त्या जुन्या हिशोबात आकडा शंभराच्या वर जातो. म्हणजे चमडी गेली तरी दमडी न सोडणारा प्राणी, स्वतःच्या धुरालासुद्धा पिळून घेणारा. मला एकदम आपला माणूस वाटला, घेतला.

पहिला हिवाळा मजेत गेला. मी पाण्याचं तापमान 80 वर ठेवलं, कारण बटण 80 पर्यंत फिरतं तर फिरवायचं, पैसे दिलेत ना. खोल्याखोल्यांत ते गरम पाणी फिरवणारे रेडिएटर असे तापायचे की हात लावला की चटका. वर्षाची सर्व्हिसिंग करायला बॉयलरवाला आला, त्याने तो 80 चा आकडा बघितला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी काही गुन्हाच केलाय.

"अहो, हा कंडेन्सच होत नसेल!"

मग त्याने समजावलं, की रेडिएटरमधून फिरून परत येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच वाफेचं पाणी होणार, त्याच्यावर असेल तर वाफ जशीच्या तशी बाहेर, म्हणजे मी वर्षभर महागातला बॉयलर घेऊन तो जुन्यासारखा चालवत होतो. त्याने आकडा 55 वर आणला, म्हणाला रेडिएटर कोमट लागतील, घाबरू नका, जरा जास्त वेळ चालू राहू दे. बायको मागे उभी राहून सगळं ऐकत होती. ती काही बोलली नाही, हेच वाईट.

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून धुराड्यातून ढगच्या ढग पांढरी वाफ, आणि मागच्या पाइपातून थेंब थेंब पाणी. हे पाणी जरा आंबट असतं, म्हणजे आम्लयुक्त, तांब्याचा पाइप खाऊन टाकेल म्हणून प्लास्टिकचा लावतात. (चव मी बघितलेली नाही, पण उत्सुकता आहे.) मी रोज जाऊन ते थेंब बघायचो. एकेक थेंब म्हणजे माझी बचत.

आता यातली गंमत अशी, की जोपर्यंत मी बॉयलर चुकीचा चालवत होतो तोपर्यंत त्याला घाम असा येतच नव्हता, त्यामुळे पाइपात गोठायला फारसं काही नव्हतं. नीट चालवायला लागलो आणि तो घळघळा घाम गाळायला लागला, तो सगळा बाहेरच्या बारक्या उघड्या पाइपातून, आणि त्या रात्री उणे आठ.

साडेतीनला जाग आली ती आवाजाने. गुडगुड, गुडगुड, घशात काहीतरी अडकल्यासारखं. मग एक उसासा, मग शांतता, आणि डब्यावर लाल आकडे लुकलुकायला लागले. रिसेट दाबलं, पेटला, गुडगुडला, परत बंद. तीनदा. पाणी तुंबून आत चढलं की तो स्वतःच बंद पडतो, ते बरंच आहे म्हणा.

हेल्पलाइनवरच्या बाईंना हे पाठ होतं. "पाइप गोठलाय. गरम पाणी ओता, उकळतं नको, पाइप तडकेल."

"बाई, गरम पाणी देणाराच बंद पडलाय."

"किटली आहे ना?"

किटली होती. तर असा मी, 107 टक्केवाल्या मशीनला किटलीने शेक देतोय. पाण्याचा चौथा जग ओतला तेव्हा आत काहीतरी सटकलं, बर्फाची काडी सुटली, आणि भसकन पाणी माझ्या स्लिपरवर. आत जाऊन रिसेट दाबलं, धडधडून पेटला.

"बरं वाटतंय का त्याला?" बायकोने पांघरुणातूनच विचारलं. मला नाही विचारलं.

सकाळी जाड फोमचं आवरण मागवलं, ते यायला चार दिवस. तोवर पाइपाला माझा लोकरीचा मफलर गुंडाळलाय, वरून प्लास्टिकची पिशवी, दोरी बांधून. मी घरात कानटोपी घालून बसलोय, कारण रेडिएटर कोमटच असतात, आणि 80 वर न्यायचं म्हटलं की बायको फक्त बघते.