मुंबई-लंडन पाच तासांत होत नाही

मे महिन्यात आमची पाचोऱ्याची मावशी लेकीकडे लंडनला निघाली. साखरेची दुपारची गोळी तिने पर्समध्ये ठेवली, रात्रीची मोठ्या बॅगेत टाकली. म्हणाली, "पाच तासांचा तर प्रवास आहे." हे तिला आमच्याकडच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजने शिकवलं होतं: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून जाताना लंडनच विमानाकडे सरकत येतं, पाच तास पुरतात, येताना पृथ्वीच्या मागे पळावं लागतं, म्हणून साडेतेरा. शिवाय जास्त भाडं लावायला कंपन्या विमान वाकड्या वाटेने नेतात, असंही त्यात आहे.

पाच आणि साडेतेरा हे आकडे आले कुठून? तिकिटावरून. तिकिटावर सुटायची वेळ जिथून निघालो तिथली आणि पोहोचायची जिथे उतरतो तिथली, अशी दोन गावांची घड्याळं असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. दुपारी दीडला मुंबईहून निघून तिथल्या संध्याकाळी साडेसहाला उतरलात, तर पाचोऱ्यात रात्रीचे अकरा वाजलेले असतात. म्हणजे साडेनऊ तास. अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी 900च्या आसपास. पाच तासांत ते बसतच नाही.

आता पृथ्वीचं फिरणं. भुसावळहून सुटलेल्या रेल्वेत पोरं शेंगदाणा वर उडवून तोंडात झेलतात. गाडी ताशी शंभरने पळत असते, तरी दाणा मागच्या बाकावर पडत नाही, कारण गाडीचा वेग त्यालाही असतोच. जमीन, हवा, विमान यांचंही तसंच. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी जवळपास 1,580 किलोमीटरने पूर्वेकडे जाते. मेसेज खरा असता तर परतीच्या विमानाला पुढे पळणारी मुंबई मागून गाठता आलीच नसती.

जाण्या-येण्यात थोडा फरक पडतो, पण उलट्या बाजूने. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर. फेब्रुवारी 2020मध्ये असाच वारा मिळाल्याने एक विमान न्यूयॉर्कहून पूर्वेला लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं.

वाकडी वाट तर शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणला की कळते. मुंबई ते न्यूयॉर्क ताणलेला दोरा रशिया, आइसलँडवरून जातो आणि सुमारे 12,500 किलोमीटर भरतो. भिंतीवरच्या नकाशातली सरळ रेघ धरली तर 14,200च्या आसपास होतात. युक्रेनवरचं आकाश 2022पासून बंद आहे, तसे वळसे पडतात. पण वळशाने कंपनीचंच इंधन जळतं.

मावशीची रात्रीची गोळी शेवटी विमानाच्या पोटात राहिली आणि ती वर सीटवर घाम पुसत बसली. घरातून निघाल्यापासून मुंबईपर्यंत रेल्वेचे सहा-सात तास, विमानतळावरचे तीन, मग हे साडेनऊ. तिच्या लेकीने परतीला दोन दिवसांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत घातल्या आणि डब्यावर लिहिलं: भारताच्या घड्याळाने घे.