मग तू गेलास की!

परवा मिरजेत साखरपुड्याला गेलो होतो. मुलीच्या काकांशी ओळख करून देताना आमच्या आत्यानं माझा दंड धरला आणि भर मांडवात सांगितलं, "ह्यो माझा भाचा. ब्यांकेत हाय. घरात बसून हेलिकॉप्टर पाडतो."

काकांनी हात जोडले. पण नजर अशी, की माणूस बरा दिसतोय, घरच्यांनी फार सोसलेलं दिसतंय. जेवणाच्या पंगतीत ते माझ्यापासून दोन पानं सोडून बसले.

'चालवतो' म्हणाली असती तर ते खोटं झालं असतं, हे मला मान्य आहे. पण मराठीत 'शिकतो' असा एक शब्द आहे की नाही? पाडतो म्हणे. सुरुंग लावून पाडल्यासारखं.

तर, गेले तीन महिने मी कॉम्प्युटरवर हेलिकॉप्टर शिकतोय. समोर स्क्रीन, उजव्या हाताला जॉयस्टिक, डाव्या हाताला एक दांडी, पायाखाली पेडल. सगळा माल सेकंडहँड. उडायचं वगैरे नंतर. आधी हॉवर जमलं पाहिजे, म्हणजे जमिनीपासून चारपाच फुटांवर हवेत एका जागी उभं राहायचं. ऐकायला सोपं वाटतं. विमान सरळ चाललं असलं तर हात सोडला तरी थोडा वेळ आपलं आपण जातं. हेलिकॉप्टरचा हात सोडला की दोनचार सेकंदांत ते स्वतःचं काहीतरी ठरवतं, आणि ते कधीच चांगलं नसतं.

लग्नघरात वावरलेल्या माणसाला ही भानगड लगेच कळेल. डाव्या हाताची दांडी म्हणजे कलेक्टिव्ह. ती उचलली की वरच्या पंख्याची सगळी पाती एकदम जास्त तिरकी होतात आणि यंत्र वर उठतं. पण पंखा एकीकडे जोर लावतो म्हणून धड दुसरीकडे फिरायला लागतं. बेल ४०७ हे हेलिकॉप्टर असेल तर नाक उजवीकडे जातं. ते थांबवायला डावं पेडल दाबायचं. पेडल दाबलं की शेपटीचा पंखा सगळं यंत्रच उजवीकडे ढकलतो. म्हणून उजव्या हातातली सायक्लिक, म्हणजे ती जॉयस्टिक, जरा डावीकडे. तिकडे कललं की वर धरणारा जोर थोडा कमी पडतो, यंत्र खाली येतं. म्हणून पुन्हा कलेक्टिव्ह. म्हणजे नवऱ्या मुलाच्या मामाला समजावलं की मुलीची मावशी रुसते, मावशीला समजावेपर्यंत आचारी कढई टाकून निघून जातो. त्यात यंत्र सांगितलेलं लगेच ऐकत नाही, क्षणभर विचार करतं. तेवढ्यात आपण आणखी सांगून बसतो. मग ते दोन्ही एकदम ऐकतं.

खऱ्या हेलिकॉप्टरात सरकायला लागलं की आधी बुडाला कळतं, मग डोळ्यांना. माझ्या बुडाखाली चाकांची खुर्ची आहे, तिला काही कळत नाही. कंटाळून मी काब्री जी-२ हे फ्रेंच हेलिकॉप्टर घेतलं, लहान आहे, गरीब असेल म्हणून. त्याचा पंखा उलट्या बाजूला फिरतो. दीड महिना घोटून घोटून डावा पाय शहाणा केला होता, आणि इथं उजवा पाहिजे. मुकाट्यानं बेलवर परत आलो. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या सिकॉर्स्कीनं १९३९ साली आपलं व्हीएस-३०० हे यंत्र पहिल्यांदा जमिनीवरून उचललं तेव्हा ते दोरखंडांनी खाली बांधून ठेवलं होतं, हे वाचल्यापासून त्या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटते. दाव्याला बांधल्याशिवाय सोडायचं जनावर नव्हे हे.

आता मुख्य भानगड. आमच्या घरात शहाबादी फरशी. पेडल दाबलं की ते पुढे सरकतं आणि मी खुर्चीसकट मागे. पाय लांब आणि हेलिकॉप्टर जवळ, असला प्रकार. मी पुठ्ठा लावून बघितला, जुन्या चपला लावून बघितल्या. शेवटी जिन्याखाली आजीचा पाटा सापडला. काळा दगड, मधे वाटून वाटून खोलगट झालेला, टाकीचे टवके अजून हाताला लागणारे. मिक्सर आल्यापासून त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. तो पेडलांच्या पुढे आडवा लावला, पेडल जागचं हलेना. वरवंटा खुर्चीच्या मागच्या चाकाला उटी म्हणून लावला. त्या दिवशी मला इंजिनिअर झाल्यासारखं वाटलं.

आणि त्याच आठवड्यात आत्या आली. आष्ट्याहून वडापनं, साखरपुड्याचं सांगायला, काखेत काकवीची बाटली. रविवार दुपार. आमची ही चहाला आत गेली आणि आत्या माझ्या मागच्या कॉटवर मांडी घालून बसली.

"काय चाललंय रं?"

"हेलिकॉप्टर शिकतोय, आत्या."

"बरं बरं. चालू दे."

इतक्या समजूतदारपणे म्हणाली की मी गाफील राहिलो. कलेक्टिव्ह उचललं. यंत्र उठलं, डावीकडे झुकलं, मी सावरलं, जास्त सावरलं, मग ते उजवीकडे गेलं आणि कुशीवर आडवं झालं.

"आरं आरं आरं! पडलं की!"

"पडतं आत्या, शिकताना पडतंच."

"आत किती माणसं हुती?"

"कुणी नव्हतं."

"कुणी न्हवतं? मग चालवत कोण हुतं?"

"मी."

"मग तू गेलास की!"

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर अजून सुचलेलं नाही.

"मी कसा जाईन? मी इथं बसलोय ना."

"इथं बसलाईस ते दिसतंय मला. तिथं कोण हुतं ते इचारतीया."

मी दुसऱ्यांदा उचललं. हे शेपटीवर गेलं. आत्यानं जीभ टाळूला लावून चुक चुक केलं आणि पदर तोंडाला लावला. तिसऱ्याला म्हणाली, "बायकापोरं आसतील की रं त्याला." मी म्हटलं, कुणाला? "चालीवणाऱ्याला." मी पुन्हा सांगितलं की तो मीच आहे आणि माझी बायको आत चहा टाकतेय. ते तिनं ऐकलं नाही. चौथं पडेपर्यंत तिनं त्याचा सगळा संसार उभा केला होता. बायको माहेरी गेलेली, थोरली पोरगी लग्नाला आलेली, म्हाताऱ्या आईला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. आमची ही चहा घेऊन आली तर आत्यानं कप बाजूला ठेवायला सांगितला. चार माणसं गेली डोळ्यांदेखत, आता चहा कसा घशाखाली उतरायचा म्हणे. दोन मिनिटांनी उतरला. सोबत भडंगही उतरलं.

"कुठलं म्हणायचं हे?"

"आपलंच की. तो काय आयर्विन पूल."

पूल माझ्या कॉम्प्युटरवर पाण्यात झोपल्यासारखा दिसतो. सांगलीत कृष्णेवरचा १९२९ सालचा दगडी पूल, त्याला असं चेचलेलं बघवत नाही. पण आत्यानं ओळखला.

"मग ते किती फुटांवर हाय?"

सांगलीकडच्या माणसाला आयर्विन पूल आणि फूट हे दोन शब्द एकत्र दिसले की पोटात गोळा येतो. पुराचं पाणी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी येतं.

"पाचच फूट," मी म्हटलं.

"पाच फूट? मग उतरून चालत जा की!"

इथं थोडं विषयांतर होतंय, पण झालंच. २०१९ च्या पुरात आम्ही गावभागात दोन दिवस गच्चीवर होतो. खाली जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत कृष्णा. एक हेलिकॉप्टर आलं. पोरांनी शर्ट काढून हलवले, शेजारच्या आजींनी परात वाजवली. ते वरून गेलं, वळलं, पुन्हा वरून गेलं. संध्याकाळी रेडिओवर कळलं की पाहणी झाली. म्हणजे आमच्याकडे बघून झालं होतं. एका जागी थांबणं फार अवघड असतं हे मला आता कळतंय, तरी त्यांनी दोन मिनिटं प्रयत्न करायला हरकत नव्हती असं अजून वाटतं. आणि हेही सांगितलं पाहिजे की तिसऱ्या दिवशी बोटीतून आमच्या गच्चीवर भाकऱ्यांचं गाठोडं आलं, ते याच आत्यानं आष्ट्याहून पाठवलेलं होतं. म्हणून तिला कुणी फार बोलायचं नाही. मी बोललो तर चालतं.

तर चहा संपवून आत्या म्हणाली, "किती दिस शिकायलाईस?"

"तीन महिने."

"आमच्या सुनंला पंधरा दिसांत आलं."

झालं. मला माहीत होतं की गाडी इथं येणार. आत्याची धाकटी सून बचत गटातून ड्रोन दीदी झाली आहे. २०२३ साली सरकारनं ही योजना काढली, देशभरात १५,००० गटांना ड्रोन द्यायचे, पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. आता ती पोरगी आसपासच्या गावांत उसावर औषध मारत फिरते. डोक्याच्या वर ऊस गेला की आत माणूस शिरत नाही, तिथं हे बरोबर कामाला येतं. चांगली गोष्ट आहे. मला तिचं कौतुकच आहे. पण कौतुक आपल्या पाठीवर वळ उठवून कुणी करून घेऊ नये.

"दोनी हात सोडती आणि पदर खोचती. तवर ते थितंच हुबं. हालत न्हाई, डुलत न्हाई."

मी शांतपणे समजावलं. ड्रोनला चार नाहीतर सहा पंखे असतात. निम्मे एकीकडे फिरतात, निम्मे दुसरीकडे, त्यामुळे धड फिरवायचा जोर आपोआप फिटतो. आत सेन्सर असतात, वरून जीपीएस, ते त्याला जागेवर धरून ठेवतात. माझ्याकडे मोठा पंखा एकच, आणि फिटवायचं काम माझ्या दोन हातापायांचं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मग तूबी चार पंख्यांचं घे की."

त्यावर तिचा पुढचा प्रश्न, "लायसन मिळतंय का ह्याचं?" नाही. "ब्यांकंत पगार वाढंल?" नाही. "मग कशापायी?"

हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. आमच्या गावात आमराईत पहाटे उलटं चाललेलं चालतं, कारण गुडघ्याला बरं. कट्ट्यावर बसून दिवसभर राजकारण केलेलं चालतं, कारण ओळखी होतात. पोरांनी तबला शिकावा, परीक्षेचे मार्क वाढतात. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसानं काही उगाच शिकायचं म्हटलं की लोक आधी बायकोकडे बघतात. पत्ते खेळून पैसे हरलो असतो तर निदान कुणाला कारण विचारावं लागलं नसतं. वीस वर्षं मी लोकांच्या कर्जाच्या फायलींवर सह्या मारतोय, कुणी विचारलं नाही, कशापायी.

रागातच मी पाचव्यांदा उचललं. आणि रागात असल्यामुळे असेल, हात हलायचेच थांबले. नजर समोरच्या पुलाकडे न ठेवता लांब पलीकडच्या झाडांकडे ठेवली, सगळे शिकवणारे सांगतात तशी. यंत्र उठलं. थोडं डुललं. आणि उभं राहिलं. डावी कड जरा खाली, बेल असंच लटकतं. एक, दोन, तीन, चार. मी श्वास घेतला नाही. नऊ, दहा, अकरा.

"हे काय रं?"

आत्या कॉटवरून खाली वाकली होती. स्क्रीनकडे तिचं लक्षच नव्हतं.

"हा आईचा वरवंटा न्हवं?"

आणि तिनं तो चाकामागून उचलला. खुर्ची मागे गेली, खुर्चीबरोबर मी, माझ्याबरोबर माझ्या मुठीतली सायक्लिक. हेलिकॉप्टर नाक वर करून उलटं कृष्णेत गेलं.

"पाचवा," आत्या म्हणाली, पण सवयीनं. तिचे डोळे आता टेबलाखाली पाटा शोधत होते. तो माझ्या तळपायांपुढे होता. मी पाय वर घेतले, पण उशीर झाला होता.

"पायाखाली? आईचा पाटा पायाखाली?"

मग जे झालं ते सगळं लिहीत नाही. माझ्या बारशाला याच वरवंट्याला टोपडं घालून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' करत पाळण्याखालून काढलं होतं. माझ्या कानात कुर्र करून नाव आत्यानंच ठेवलं होतं. ते तिनं त्या दुपारी जवळजवळ परत घेतलं. यात्रेच्या पुरणाचं वाटण, माझ्या वडिलांची हळद, आजीचे हात, सगळं एकापाठोपाठ आलं. आमची ही दारात उभी राहून मान हलवत होती. मिक्सर मागून घेणारी हीच, हे मी त्या वेळी बोललो नाही.

पाटा-वरवंटा गोणपाटात गुंडाळून आत्याबरोबर आष्ट्याला गेला. वडापपर्यंत तो मीच खांद्यावर घेऊन गेलो. ड्रायव्हरनं त्याचं अर्धं तिकीट लावलं, तेही मीच दिलं. अकरा सेकंद कुणी बघितलेच नाहीत. हिला सांगितलं तर म्हणाली, "बरं."

आता पेडलांपुढे बँकेनं वीस वर्षांच्या सेवेबद्दल दिलेलं सन्मानचिन्ह लावलंय. दिसायला चांगलं जाडजूड आहे. सरकतं.